थांब म्हणणारं दार

३ फेब्रुवारी, मंगळवार

बंधू,

ही हाक माझी नाही. तुझ्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर फोटोखाली तशी छापलीय म्हणून लिहिली. सगळ्या जगाचा बंधू झालास, आनंद आहे. माझा सख्खा भाऊ होतास तेव्हा आम्ही तुला भोंग्या म्हणायचो, कारण तू रडायला लागलास की तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं. आता मायक्रोफोन लावून बोलतोस. नाव ठेवणारीला पुढचं दिसत होतं म्हणायचं. ती मीच.

नऊ वर्षांत हे माझं पहिलं पत्र. आधी फोन केला, तीनदा. तिन्ही वेळा तुझ्या सचिवबाईंनी उचलला आणि सांगितलं, बंधू मौनात आहेत. म्हणून लिहितेय. ख्यालीखुशाली विचारायला नाही.

आईच्या हृदयाची एक झडप निकामी होत चाललीय. चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकते आणि मला म्हणते, तू हो पुढे, मी भिंत बघते जरा. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन करून घ्या, त्यापुढे माझ्या हातात काही नाही. ऑपरेशन होण्यासारखं आहे. डॉक्टर चांगला आहे. दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. अडचण एकच आहे आणि ती तू आहेस. आई संमतीच्या कागदावर सही करत नाही. "तो येऊन भेटू दे, मग करते," म्हणते. मी म्हटलं, बोलावून घेऊ. तर म्हणाली, "बोलावून आलेला नको. आपण होऊन येईल. मला खात्री आहे." त्यामुळे हे पत्र तिला न सांगता दुकानात बसून लिहितेय, आणि समोर एक गिऱ्हाईक किल्लीसाठी खोळंबलंय.

तिला ही खात्री कुठून आली ते सांगते. दुकानाशेजारच्या शिंपीणकाकू दर रविवारी तुझ्या सभागृहात येतात, तिसऱ्या रांगेत बसतात. त्यांनी आईला तुझी पुस्तिका आणून दिली. 'थांब म्हणणारं दार'. चिऊ-काऊच्या गोष्टीतून श्रद्धेचे सात धडे. आई भिंग घेऊन रोज दोन पानं वाचते आणि पुस्तिका उशीखाली ठेवते. मीही वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा रागानं डोक्यात काही शिरेना.

चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दारात येतो. चिमणी आतून म्हणत राहते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, अंग पुसते. थांब, कपडे घालते. तीन वर्षांच्या पोराला निजवायची गोष्ट. तिचं तू काय केलंस? कावळा म्हणजे भक्त, चिमणी म्हणजे देव, आणि आतून येणारं प्रत्येक थांब म्हणजे देवानं घेतलेली परीक्षा. पहिलं थांब अहंकार धुतं, दुसरं संशय धुतं, आणि असं धूत धूत सातव्या थांबाला कावळा पांढरा व्हायचाच तेवढा बाकी राहतो. 'जो न कंटाळता ठोठावतो त्याचंच दार उघडतं.' हे वाक्य जाड अक्षरात, चौकटीत.

आणि प्रस्तावनेत लिहितोस, ही गोष्ट मला माझ्या आईनं मांडीवर घेऊन सांगितली. सांगितली ना. मी शेजारीच बसलेली असायचे. पण आपल्या घरात दार कुणी ठोठावलं आणि आतून थांब कोण म्हणालं, ते प्रस्तावनेत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता आई तुझ्याच पुस्तिकेप्रमाणे वागतेय. कंटाळत नाही. ये. दहा मिनिटं बस, तिच्याशी बोल, सही होऊ दे आणि जा. मी तेवढा वेळ खाली दुकानात थांबेन, माझं तोंड बघायची गरज नाही.

ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

बंधू,

तुझं कार्ड मिळालं. मोठ्या उत्साहानं पाकीट फोडलं मी, मूर्ख कुठची. आत छापील कार्ड. 'आपले पत्र पोहोचले. उत्तराची वाट पाहणे हीही उपासनाच आहे.' खाली शिक्का, पत्र क्रमांक ४११७. म्हणजे माझ्या आधी चार हजार एकशे सोळा माणसांना तू ताटकळत ठेवलंयस, आणि वर त्यांची उपासना होतेय म्हणून त्यांनी तुझे आभार मानायचे.

डॉक्टरांनी सहा मार्चची तारीख दिली आहे. सही पाच तारखेपर्यंत हवी. हे ४११७ नंबरच्या फायलीत नोंदवून ठेवायला सांग.

तू विसरला असशील म्हणून सांगते, मी अजून तेच काम करते जे बाबा करायचे. लोकांची बंद दारं उघडते. किल्ली आत राहिलेली, लॅच अडकलेलं, कुलूप गंजलेलं. गेल्या नऊ वर्षांत किती उघडली त्याची गणती नाही, पण त्यातलं एकही श्रद्धेनं उघडलेलं नाही. हातात पिन धरावी लागते, कान लावावा लागतो, गुडघे टेकून बसावं लागतं. गुडघे टेकणं तेवढं तुझ्या धंद्यात आणि माझ्या धंद्यात सारखं.

बाबांचा नियम आठवतो का बघ. हत्यार काढायच्या आधी दार ठोठावायचं. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की घर रिकामं आहे, मी एकटाच राहतो, तरी ठोठावायचं. दोन टकटक लागोपाठ, जरा थांबून तिसरी. मग मनात वीस मोजायचे. आपण दोघं हसायचो त्यांना. रिकाम्या घराचं दार ठोठावतात म्हणून गल्लीतली पोरंही हसायची. ते म्हणायचे, आत कुणीतरी आहे असं धरूनच चालायचं. म्हातारं असेल, आजारी असेल, अंघोळीला बसलं असेल, त्याला यायला वेळ लागतो. वीस आकड्यांनी आपलं काही जात नाही.

आणि त्यांच्या वेळेला काय झालं? ते स्वयंपाकघरात ओट्याशी कोसळले. घरात आई आणि तू. तू वरच्या खोलीत आतून कडी लावून ध्यानाला बसलेला, चाळीस मिनिटं उठायचं नाही असा तुझा नेम. आई जिना चढून आली आणि दार ठोठावलं. तू म्हणालास, थांब. ती खाली जाऊन बाबांना बघून परत वर आली. थांब. सात वेळा, भोंग्या. सातही वेळा तू आतून शांत आवाजात थांब म्हणालास. आईनं मला नंतर मोजून सांगितलं आणि तिला आकडा चुकवायची सवय नाही. शेवटी समोरच्या दुकानदारानं गाडी बोलावली. दवाखान्यात म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

मी त्या वेळी कामावर होते.

तर तुझ्या पुस्तिकेतले सात धडे कुठून आले हे सभागृहात बसलेल्या एकालाही ठाऊक नाही. सातच का? पाच का नाहीत? मूळ गोष्टीत कुणी मोजलेत? तू बापाच्या मरणाचे सात तुकडे केलेस आणि प्रत्येकाला एक सुंदर नाव दिलंस. ते वाचून आई खूश होते. म्हणते, "किती छान लिहितो." मी भांडी आदळते.

ये.

ताई


१७ फेब्रुवारी, मंगळवार

बंधू,

कार्ड क्रमांक ४२०३ मिळालं. मजकूर तोच.

परवा रविवारी मी तुझ्या सभागृहात आले होते. आईला सांगितलं, कामाला जातेय. बस बदलून तासाभराचा तर रस्ता. नऊ वर्षांत तू तो एकदाही चालू शकला नाहीस आणि मीही नाही, हे बसमध्ये लक्षात आलं. पण तो विषय आता नको.

शेवटच्या रांगेत खांबामागे बसले. जाड झालायस. पुढचे केस गेलेत, अगदी बाबांचे गेले होते तसे, मधूनच. लोक तुझ्याकडे असे बघत होते की मला लाज वाटली, कुणाची ते कळलं नाही. मग तू गोष्ट सुरू केलीस. मी हाताची घडी घालून बसले होते. म्हटलं बघू, काय दिवे लावतो. कावळा दाराशी आला असं म्हणालास आणि समोरच्या लाकडी मेजावर बोटानं वाजवलंस. टकटक. जरा थांबून टक.

बाबांची टकटक. माईकमधून, हजार माणसांना.

मी रडले. शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला आणि म्हणाली, पहिल्यांदा असंच होतं. मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि तुझ्या दोन. त्या टकटकीवर तुझा काय हक्क आहे? दुकान तू सोडलंस. कानस हातात धरताना तुझ्या अंगावर काटा यायचा. ती टकटक मी रोज करते, अनोळखी माणसांच्या दारावर, नऊ वर्षं. तू ती उचलून कावळ्याला दिलीस.

संपल्यावर मागच्या खोलीकडे आले. सचिवबाईंनी अडवलं. "बंधू ध्यानात आहेत. थांबा." मी म्हटलं, मी बहीण आहे. ती गोड हसून म्हणाली, "आपण सगळ्याच त्यांच्या बहिणी आहोत." बाकावर बसले. समोर तुझं दार. त्याला जे लॅच बसवलंयस ते इतकं टुकार आहे की केसातल्या पिनेनं अर्ध्या मिनिटात उघडेल. ज्यानं बसवलं त्यानं तुला फसवलंय, बदलून घे.

मी उघडलं नाही. बाकावरून उठून दार ठोठावलंसुद्धा नाही. नुसते वीस मोजले, मग परत वीस, असा तास घालवला आणि आईच्या गोळीची वेळ झाली म्हणून निघाले. का उघडलं नाही, याचा विचार बसमध्ये केला आणि घरी पोचेपर्यंत तो विचार नको तिकडे जायला लागला, म्हणून सोडून दिला.

घरी आले तर आई खुर्चीत बसून होती. म्हणाली, "कुणाचं काम होतं?" मी म्हटलं, एका बाईचं कपाट अडलं होतं. "उघडलं का?" म्हटलं, नाही. आई म्हणाली, "पुन्हा जाशील तेव्हा उघडेल." तिला कळलंय की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला खोटं सांगितल्याचा माझा राग मी तुझ्या नावावर लिहून ठेवलाय.

आता ती पायऱ्या उतरत नाही. अंघोळ मी घालते, स्टुलावर बसवून. तिला दम लागतो म्हणून प्रत्येक गोष्ट सावकाश. तू ध्यानात वेळ घालवतोस, मी टॉवेलात.

ताई


१ मार्च, रविवार

भोंग्या,

या वेळी पाकिटावर बंधू लिहिलेलं नाही. मोठ्या अक्षरात 'भोंग्यासाठी' लिहिलंय. तुझ्या सचिवबाईंना हा माणूस ठाऊक नसणार, तेव्हा त्या कार्ड पाठवायच्या आधी तुला विचारायला येतील असा माझा हिशेब आहे. कुलूपवाल्याची मुलगी आहे, वाट काढतेच.

पाच दिवस राहिलेत. काल डॉक्टर घरी येऊन तिला समजावून गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या मुलांची चौकशी केली आणि म्हणाली, "गुरुवारपर्यंत वेळ आहे ना? मग झालं तर." त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तर ते मला म्हणाले, तुमच्या भावाला काही करून आणा. मी त्या भल्या माणसावर डाफरले. म्हटलं, दोरी बांधून आणू का?

मग वर येऊन बसले आणि एक गोष्ट लिहून टाकायची ठरवली. ती लिहिल्याशिवाय तुझ्यावर नीट रागावता येत नाही. आत काहीतरी अडकलंय आणि किल्ली पूर्ण फिरत नाही.

बाबा पडले त्या दिवशी तुझं दार ठोठावून झाल्यावर आईनं मला फोन केला होता. हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे की तुला माहीत आहे. मी एका बाईच्या घरी होते. तिचं कपाट अडलं होतं, फक्त कपाट, त्यात जुनी पडदे-चादरी. आई म्हणाली, "लवकर ये." का ते म्हणाली नाही, तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी म्हटलं, "थांब गं आई, हातातलं कुलूप उघडं पडलंय, एवढं बसवते आणि येते." बसवलं. तेल दिलं. दोन-तीनदा फिरवून बघितलं, कारण बाबांनी तसं शिकवलं होतं. आणि मग घरी आले.

तर सात नाही, आठ.

तुझ्या दाराशीही तिनं का ते सांगितलं नव्हतं. "दार उघड," एवढंच म्हणत होती. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि पहिल्या दिवसापासून मी ते बाजूला ठेवलं. घरात माणसं जमली होती तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तू मारलंस त्यांना. आईनं मला केलेला तो फोन वेळेसकट तिच्या फोनमध्ये दिसत होता. तो फोन तुझ्या हातात होता. तू एका शब्दानं म्हणाला असतास, ताई, फोन तुलाही गेला होता, तर मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. तू म्हणाला नाहीस. मूग गिळून उभा राहिलास, पिशवी भरलीस आणि गेलास.

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. भांडला असतास तर आपण दोघं एका घरात राहून भांडत राहिलो असतो. तू सगळं आपल्या अंगावर घेऊन निघून गेलास, आणि मला नऊ वर्षं निर्दोष राहावं लागलं. ते किती अवघड काम आहे याच्यावर एखादी पुस्तिका काढ.

आई कुणाचंच नाव घेत नाही. ती तुलाही काही म्हणाली नाही, मलाही नाही. परवा तुझा सातवा धडा वाचून संपवला आणि भिंग खाली ठेवून म्हणाली, "इतक्या गोष्टी सांगितल्या पोराला, आणि हा नऊ वर्षं ही एकच धरून बसलाय. का बसला असेल?" मी म्हटलं, लोकांना आवडते म्हणून. ती म्हणाली, "तुझं डोकं फक्त कुलपात चालतं."

मला क्षमाबिमा नको आणि द्यायचीही नाही. तू ये. आईसाठी ये.

ताई


४ मार्च, बुधवार

भोंग्या,

हे पत्र टपालात टाकत नाहीये. शिंपीणकाकू हातातलं शिवण टाकून निघाल्यात, त्या तुझ्या हातात देतील. सचिवबाई आडव्या आल्या तर बाजूला करतील, काकूंचे दंड तू बघितलेयस. त्यांच्यासमोर उभं राहून वाच. मध्ये थांबू नकोस.

आज सकाळी तू आलास. आणि गेलास. गाढवा.

मी आईला अंघोळ घालत होते. खरोखर. स्टुलावर बसवलं होतं, पाठीवर साबण होता, माझे हात कोपरापर्यंत फेसात. दार वाजलं. दुकान बंद दिसलं की गिऱ्हाइकं वर येऊन दार वाजवतात, रोजचंच आहे. आई म्हणाली, "तो आहे." मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे गं. आणि बाहेर ओरडले, "थांबा, आईला अंघोळ घालतेय."

पुन्हा वाजलं. आई म्हणाली, "अगं, तीच टकटक आहे, कान दे." तिचा आवाज दारापर्यंत पोचण्यासारखा राहिलेला नाही, नाहीतर तिनंच हाक मारली असती. मी कान दिला नाही. तिच्या पाठीवर पाणी ओतत होते, त्या आवाजात मला काय ऐकू येणार. रोज दुसऱ्यांच्या कुलपांना कान लावते, आणि आईचं ऐकायला माझ्याजवळ कान नव्हता. ओरडले, "थांबा, अंग पुसतेय." तिसऱ्यांदा वाजलं. तेव्हा मी तिला खोलीत आणून कपडे घालत होते, तिला दम लागला होता, तिनं माझा दंड धरून ठेवला होता. मी वैतागून म्हटलं, "थांबा हो, कपडे घालतेय." आणि मग वाजलं नाही.

तिला पलंगावर टेकवून दार उघडलं तर समोर कुणी नाही. खालून काकू धापा टाकत वर आल्या, जिन्याखालून त्यांनी सगळं बघितलं होतं. म्हणाल्या, बंधू आले होते. दारावर डोकं टेकून उभे होते. तिसऱ्या थांबाला हसले, मग डोळे पुसले आणि म्हणाले, "ताईनं माझी पुस्तिका मलाच वाचून दाखवली. हक्क आहे तिचा." आणि गेले.

अरे, कसली पुस्तिका? मी तुला टोमणा मारत नव्हते. मला टोमणा मारायचा असता तर दार उघडून तोंडावर मारला असता, तू ओळखत नाहीस का मला? बाहेर तू आहेस हेच मला ठाऊक नव्हतं. अनोळखी माणसाला म्हणतात तसं मी थांबा म्हणत होते. तुला आपलं वाटलं, आत बसून ही सूड उगवतेय. इतकी वर्षं हजार लोकांना सांगितलंस, आतून थांब आलं तरी विश्वास ठेवा. तू तीन थांब टिकलास, भोंग्या. तीन. आणि वीस मोजले नाहीस. काकू सांगतात, शेवटच्या थांबानंतर लगेच वळलास. वीस मोजले असतेस तर अठराव्याला दार उघडलेलं दिसलं असतं.

मी आत जाऊन आईच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. पत्रं, सभागृह, कार्डं, आजचं. तो कपाटाचा फोनही. ओल्या केसांनी ती ऐकत राहिली. मला वाटलं आता हिची झडप इथेच बंद पडते. ती म्हणाली, "दोघं एकाच गोष्टीला चुकलात." मी म्हटलं, काय? म्हणाली, "तो म्हणतो चिमणी परीक्षा घेत होती. तू म्हणतेस चिमणी दुष्ट होती. मी तुम्हाला गोष्ट सांगायचे त्यात असं काही नव्हतं. तिला खरंच बाळ होतं. हात दोन. बाळाला तसंच ओलं टाकून दार उघडायचं का तिनं? थांब म्हणाली, म्हणजे येते म्हणाली."

मग म्हणाली, "मी त्याच्या दाराशी सात वेळा गेले ते हेच धरून. तुला फोन केला तोही. तुम्ही दोघं येत होतात. तुमचे बाबा थांबले नाहीत, त्याला तुम्ही काय करणार."

हे वाक्य तिनं नऊ वर्षं का ठेवून दिलं, असं मी रागानं विचारलं. तर म्हणाली, "सांगायला दोघं एका खोलीत कधी होतात?"

माझ्या रागाचं काय करायचं ते मला कळत नाहीये. तो आहे, संपलेला नाही, तू समोर आलास की थोडा तुला मिळेल. पण बाबा जे रोज करायचे त्याला त्यांनी तुझ्या पुस्तिकेसारखं श्रद्धा असं नाव कधी दिलं नाही. आत कुणीतरी आहे असं धरून चालायचं आणि वीस मोजायचे. तुझ्या सात धड्यांत हा नाही. माझ्यातही नव्हता. मी नुसती बोटं वाजवत होते आणि आकडे म्हणत होते.

आईनं सही केली. मी म्हटलं, पण तो आत कुठे आला? म्हणाली, "आला होता ना दारापर्यंत. उरलेलं चार पावलांचं आहे, ते मी ऑपरेशनच्या पलीकडे ठेवते." कागद काकूंबरोबरच दवाखान्यात जाईल. शुक्रवारी सकाळी आठला तिला आत घेतील. उद्या संध्याकाळी घरातून निघायचं आहे.

तर आता नीट वाच. मी आत्ता पेचकस घेऊन बसले आणि घराच्या दाराचं लॅच काढून टाकलं. कडीही काढली. दारात एक गोल भोक उरलंय, त्यातून जिना दिसतो. कुलूपवालीच्या घराला कुलूप नाही, गल्ली हसेल, हसू दे. आईला उद्या पुन्हा अंघोळ घालायची आहे, वेणी घालायची आहे, पिशवी भरायची आहे. माझे हात मोकळे नसतील आणि मी उठून येणार नाही.

ठोठावत बसू नकोस. दार ढकल आणि आत ये. टॉवेल खुंटीवर असेल, तो घे आणि तिचे केस पुस.

ताई